चार माणसं, चार गाड्या

ओपल हॉस्टेटलरबाईंचं एक वाक्य आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना पाठ आहे. "घाबरू नका, या परीक्षेत कुणी नापास होत नाही." काउंटी कॉलेजच्या तळघरात परीक्षेची खोली, दाराशी बाईंचं टेबल, टेबलावर काचेचा वाडगा आणि वाडग्यात पेपरमिंटच्या गोळ्या. वाडगा त्यांच्या नवऱ्यानं, रॉयनं, नदीकाठच्या काचकारखान्यात स्वतः फुंकून केलेला. रॉय जाऊन सहा वर्षं झाली. कॉलेजात नाव घालायचं तर आधी या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून वाचन, लेखन आणि गणिताची परीक्षा द्यावी लागते, आणि बाईंची गोळी तोंडात टाकल्याशिवाय आत जायची कुणाची छाती नव्हती.

तसं ते वाक्य खोटं नव्हतं, निदान कागदोपत्री. या परीक्षेला पास-नापास नाहीच. कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं एवढंच ती ठरवते. ज्याला जमलं नाही तो शून्याच्या वर्गात. ज्या वर्गांच्या क्रमांकाआधी शून्य असतं ते हे वर्ग: आधी अंकगणित, मग त्याच्या वरचं, मग त्याच्याही वरचं. अभ्यास करायचा, वेळ घालवायचा, पण पदविकेत त्यातलं काही धरत नाहीत. एकेक वर्ग सहा महिन्यांचा. तळाला पडलात की खरं शिक्षण सुरू व्हायलाच दीड वर्ष जातं. आता याला नापास नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

बाईंच्या हे कधी डोक्यातच आलं नाही, कारण त्यांची आणखी एक सवय होती. निकालाचा कागद प्रिंटरमधून बाहेर आला की त्या तो न बघता दुमडायच्या आणि ज्याचा त्याच्या हातात द्यायच्या. पन्नाशीचा माणूस पोरासोरांच्या रांगेत बसून परीक्षा देतो, त्याची लाज आपण कशाला उघडी करायची, असं त्यांचं म्हणणं. एकोणीस वर्षं त्यांनी एकही निकाल पाहिला नव्हता. मन मोठं होतं बाईंचं, यात वाद नाही. पण डोळे मिटून केलेला चांगुलपणा कधीतरी ठेच खातोच.

त्या वर्षी काचकारखान्याला टाळं लागलं. परदेशी मालामुळे बुडालेला कारखाना म्हणून सरकारनं कामगारांना नवं शिक्षण द्यायचं कबूल केलं, पण दोन वर्षांपुरतंच. साच्यांच्या खात्यातली चार माणसं जुलैत कॉलेजात आली. वेंडेल प्रुइट, हार्लन टिबेट आणि दोघे नोव्होत्नी भाऊ, जे एकमेकांशीसुद्धा फारसं बोलत नाहीत. घरं गरम-गार ठेवणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीचा कोर्स त्यांना करायचा होता. तो दीड वर्षाचा. म्हणजे गणित सरळ होतं. दोन वर्षांत तो आरामात बसत होता.

चौघं अठ्ठावीस वर्षं एकाच गाडीतून पाळीला गेलेले. त्या दिवशीही वेंडेलच्या ट्रकमधून आले. बाईंनी गोळ्या दिल्या, वाक्य म्हटलं, आणि चौघं आत जाऊन बसले. अर्ध्या तासाच्या आत चौघंही बाहेर. बाईंनी चार कागद दुमडून दिले, घरच्यांची चौकशी केली, आणि मनात म्हणाल्या, हुशार आहेत हो ही पोरं. पोरं म्हणजे पन्नास ते पंचावन्नची.

ऑगस्टच्या शेवटी वर्ग सुरू झाले. दुसऱ्या दिवशी बाईंना जिन्यात वेंडेल भेटला. काखेत लहान मुलांचं असतं तसं चित्रांचं पुस्तक. वर पिझ्झाचे तुकडे काढलेले. बाईंनी विचारलं, नातवाचं का? वेंडेल कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, माझंच आहे.

बाईंना ते खरंच वाटेना. हा वेंडेल लोखंडी साचे केसाच्या जाडीइतक्या मापानं कोरायचा. रॉय गेल्यावर बाईंच्या घराच्या पायऱ्या यानंच बांधून दिल्या, आणि सगळा हिशेब एका फळकुटावर पेन्सिलीनं केला, खोडरबरसुद्धा न लागता. ते फळकूट बाईंनी अजून जपून ठेवलंय. आणि हा माणूस पिझ्झाचे तुकडे मोजतोय?

"वेंडेल, खरं सांग, तुला येत नव्हतं का ते?" बाईंनी विचारलं.

"येत होतं की. पण बाई, हार्लन उन्हात बसला होता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हार्लनला पडद्यावर क्ष आणि य दिसले, तसा तो उठला. काही का असेना, नापास तर कुणी होत नाही, म्हणाला, आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. ट्रकचा एसी बंद, बाहेर जुलैचं ऊन. थोरल्या नोव्होत्नीला वाटलं, हार्लन ताटकळतोय. त्यानं उरलेल्या प्रश्नांवर दिसेल ते बटण दाबलं आणि उठला. धाकट्याला वाटलं, दोघं ताटकळतायत. वेंडेल शेवटी एकटा उरला, आणि ट्रकची किल्ली त्याच्या खिशात. आमच्या खोऱ्यात एकवेळ चोरी केलेली चालेल, पण गाडीत माणसं खोळंबवून ठेवलीत तर तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत लोक ते ऐकवतील. अठ्ठावीस वर्षं एकानं उशीर केला की चौघांची हजेरी कापली जायची. ते हाडात मुरलेलं.

"आणि तुम्हीच म्हणाला होतात ना," वेंडेल म्हणाला, "कुणी नापास होत नाही म्हणून." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

आता दीड वर्ष शून्यात आणि दीड वर्ष कोर्स. तीन वर्षं झाली. सरकार दोनच देणार. म्हणजे चौघांचं शिक्षण सुरू व्हायच्या आधीच संपल्यात जमा होतं, आणि पंचावन्नच्या माणसाला आमच्या गावात दुसरं काम कोण देतो?

बाई तळघरात गेल्या आणि आपली नोंदवही काढली. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हे त्या स्वतःच्या हातानं लिहायच्या. हार्लन नऊ मिनिटं. थोरला चौदा. धाकटा सतरा. वेंडेल बावीस. वेळेचं बंधनच नसलेली परीक्षा. मग त्यांनी मागची पानं उलटली. अकरा मिनिटं, तेरा मिनिटं, दहा. किती तरी नावं. त्यातल्या कितींनी पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं, हे बाईंना ठाऊक होतं. बाजारात भेटायची ती माणसं, अजून प्रेमानं हात हलवायची. बाई त्या खोलीत एकट्या बसून रडल्या.

पण रडून बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. चेहरा धुतला आणि थेट डीनसाहेबांकडे गेल्या. ग्रेडी नावाचा चाळिशीतला माणूस, वाईट नव्हे, पण नियमाला धरून. त्यानं नियमावली काढून वाचून दाखवली. पुन्हा परीक्षा वर्ग सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांतच देता येते, आणि तीही परीक्षा नीट घेतली गेली नव्हती असं परीक्षा विभागानं लिहून दिलं तरच.

"परीक्षा विभाग म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच."

ग्रेडीनं त्यांना समजावलं की असं लिहिलंत तर तो कागद तुमच्या फाइलमध्ये कायमचा राहील. निवृत्तीला आठ महिने उरले आहेत, एकोणीस वर्षांत एक ओरखडा नाही, कशाला नसती बला ओढवून घेता? बाईंनी त्याच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि उभ्यानंच लिहिलं: 'ही परीक्षा मी नीट घेतली नाही. परीक्षा देणाऱ्यांना मी चुकीचं सांगितलं. चूक त्यांची नाही, माझी आहे.' खाली सही, तारीख. ग्रेडीनं तो कागद दोनदा वाचला आणि चौघांना शुक्रवारची वेळ दिली.

गुरुवारी बाईंनी चौघांना फोन केले आणि खडसावून सांगितलं. उद्या चौघांनी चार वेगवेगळ्या गाड्यांतून यायचं. ज्याचं संपलं त्यानं सरळ घरी जायचं. कुणी कुणासाठी थांबलेलं मला दिसलं, तर माझ्याशी गाठ आहे. हार्लन कुरकुरला, गाडी बायको घेऊन जाते म्हणाला. बाई म्हणाल्या, मग काय वाटेल ते चालवत ये.

तो खरंच काय वाटेल ते चालवत आला. गवत कापायच्या चारचाकी यंत्रावर बसून, दोन मैल, मागे गाड्यांची रांग लावून. बाईंनी तळघराच्या जमिनीलगतच्या खिडकीतून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

चौघांना त्यांनी दाराशी उभं केलं. गोळ्या दिल्या. पण वाक्य नवं होतं.

"ऐका. या परीक्षेत नापास होता येतं. घाई केलीत की झालात. तुम्हाला जे येतं ते तिथं मांडा, आणि बाहेर तुमची कुणीसुद्धा वाट बघत नाहीये."

तास गेला. कुणी उठलं नाही. पावणेदोन तासांनी धाकटा नोव्होत्नी आला, मग थोरला, मग घामाघूम हार्लन. क्ष आणि य दोघेही भेटले, म्हणाला, माणसं वाईट नाहीत. तिघंही मुकाट्यानं गेले. बाईंनी खिडकीतून पाहिलं, आवारात फक्त वेंडेलचा ट्रक उरला होता. ऐकलं बाई एकदाचं माझं, असं म्हणून त्यांना हायसं वाटलं.

आत वेंडेल एकटा. कागदावर आकडे मांडत होता, तसेच बारीक आणि नीट, फळकुटावर मांडायचा तसे. बाहेर पलीकडच्या चर्चच्या मैदानावर कुणीतरी गवत कापत होतं आणि यंत्राची घरघर थांबायचं नाव घेईना. बाई वैतागल्या, उठून खिडकी लावून घेतली. आज शुक्रवारी कुठून सुचलं त्या चर्चवाल्यांना, एवढं काय अडलं होतं?

तीन तास दहा मिनिटांनी वेंडेल उठला. प्रिंटरमधून कागद आला. बाईंनी तो घेतला आणि सवयीनं दुमडला. मग त्यांनी वेंडेलकडे पाहिलं, तो म्हणाला, "बघा की," आणि बाईंनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा घडी उघडली. नोव्होत्नी भावांचे कागद दुमडून गेले होते, हार्लनचाही. त्या दोघांना शून्याचा एकेकच वर्ग करावा लागणार आणि हार्लनला दोन, हे नंतर कळलं; उन्हाळी सत्र धरून त्यांचंही कसंबसं बसत होतं. वेंडेलच्या कागदावर एकही शून्य नव्हतं. बाईंनी वाडगाच उचलून त्याच्यापुढे धरला.

दोघं बरोबर जिना चढून बाहेर आले. वेंडेल रिकाम्या आवाराकडे बघत राहिला. बरं केलंत त्यांना पाठवलंत ते, म्हणाला, पण असं बाहेर येऊन कुणीच नाही, हे काही बरं वाटत नाही. बाईंनाही ते पटलं. त्या त्याला ट्रकपर्यंत सोडायला निघाल्या, आणि आवाराच्या टोकाशी आल्यावर त्यांना चर्चची मागची बाजू दिसली. मॅपलच्या झाडाखाली, कॉलेजच्या खिडकीतून दिसणार नाही अशा बेतानं, दोन गाड्या लावलेल्या. नोव्होत्नी भाऊ एका गाडीच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होते. चौथं सँडविच कागदात गुंडाळून बाजूला ठेवलेलं. हार्लन आपल्या यंत्रावर बसून टोपीनं वारा घेत होता.

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी काय सांगितलं होतं?"

"कुणी थांबलेलं तुम्हाला दिसायला नको, असं," हार्लन म्हणाला.

"किती वेळ झाला रे तुम्हाला?" वेंडेलनं विचारलं.

"छे, आत्ताच तर आलो," हार्लन म्हणाला.

त्याच्या मागे चर्चचं अख्खं मैदान, पार कबरींच्या कुंपणापर्यंत, एकसारखं कापून झालं होतं.