रुक्मिणीकाकूंची विजेची चूल

रुक्मिणीकाकूंच्या विजेच्या शेगडीचा आवाज मला हुबेहूब काढता येतो. आधी खटका पडल्याचा ‘टॉक’. मग जरा वेळ शुकशुकाट. मग तोंड मिटून नाकातून सोडायचा लांबलचक ‘हंऽऽऽ’, आणि तार लालभडक झाली की मधूनच एक बारीक ‘टिंग’. त्यांची किटली त्यामानाने सोपी, तिचं नुसतं झाकण थडथडतं. टोस्टर तसा मुकाच, पण त्याला दोन बाजूंना दोन दारं आहेत आणि ती उघडताना कोंबडीचा पाय मुरगळल्यासारखा आवाज होतो. मी तो काढला की आई म्हणते, “पुरे गं, शेजारी काय म्हणतील!” शेजारी म्हणजे काकूच. त्या भिंतीपलीकडून ओरडतात, “चुकलं! आधी करकरतं, मग किंचाळतं. परत कर!”

पार्ल्याला बांदेकरांच्या चाळीत आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत काकू एकट्या राहतात. अंगाने काडी, आवाज मात्र हवालदाराचा. छातीत दम्याची शिट्टी कायम वाजते, पण बोलणं तिच्यावरून उड्या मारत पुढे जातं.

काकूंचे यजमान, आगाशेकाका, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी फोर्टात एका विलायती कंपनीत होते. त्यांचा साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी आरसे घेतले, आरामखुर्च्या घेतल्या. काकांनी स्वयंपाकघरातले तीन नग उचलले आणि टांग्यातून घरी आणले: शेगडी, किटली आणि टोस्टर. पुढचं काकूंच्याच तोंडून ऐकावं.

“अगं, तेव्हा अर्ध्या गल्लीत कंदील होते कंदील! आणि माझ्याकडे चूल विजेची. बायका बघायला यायच्या. सासूबाई लांबूनच बघायच्या. म्हणाल्या, धूर नाही, राख नाही, जाळ नाही, हा अग्नी कसला? ह्याच्यावरचं देवाला चालायचं नाही. मग ह्यांनी भटजींना बोलावलं. भटजींनी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि चौथीला म्हणाले, चालेल.”

सासूबाई तरीही एका अटीवरच कबूल झाल्या. चूल म्हणवतेस ना, मग तिचं सगळं चुलीसारखंच करायचं. सकाळी आंघोळ करून सोवळ्यात पोतेरं फिरवायचं, हळदकुंकू वाहायचं, मग पेटवायची. काकूंनी शब्द दिला. तेव्हापासून रोज सकाळी माती कालवलेल्या पाण्यात फडकं बुडवून त्या शेगडीच्या पत्र्याच्या कडेवर पोतेरं फिरवतात, आणि हळदकुंकवाचं बोट लावल्याशिवाय खटक्याला हात लावत नाहीत.

टोस्टरची गोष्ट वेगळी. पाव घरात यायचा नाही, म्हणून त्यात पापड भाजले जातात. दार उघडायचं, पापड उलटायचा, दार लावायचं. जळका डाग एक नाही. काका गेले, सासूबाई त्यांच्याही आधी गेल्या, पण ही तिघं टिकली. काकू त्यांच्याबद्दल बोलतात ते माहेरच्या माणसांबद्दल बोलल्यासारखं. “किटली आता म्हातारी झाली, तिला घाई करू नये.”

गेल्या दिवाळीत अनारशांची जड कढई शेगडीवर जरा आदळली आणि जिच्या खाचांत ती तार बसते ती मातीची ताटली तडकली. शेगडी चालत राहिली. पण त्यानंतर सकाळचा फ्यूज जायला लागला. रोज नाही, पण आठवड्यातून चारदा तरी. आमच्या मजल्याला एकच फ्यूज, त्यामुळे काकूंनी खटका पाडला की ‘फट्’, आणि घरमालक बांदेकरांचा रेडिओ बातम्यांच्या मधोमध गार. बांदेकर वेंगुर्ल्याकडचे. लुंगी सावरत गॅलरीतून यायचे.

“आगाशेबाय, परत फ्यूज गेलो! पंतप्रधान काय बोल्ले ता माका आता कोण सांगतलो? तुमी?”

“मी कशाला सांगू? पेपरात येईल उद्या.”

“मी सांगतंय ता ऐका. तिसऱ्या आयतवारापर्यंत ही शेगडी बंद झाली नाय, तर तुमच्या खोलयेतल्या त्या पॉइंटाची वायर मी तोडतलंय. सांगून ठेवतंय.”

बांदेकर वाईट माणूस नाही. पण बातम्या म्हणजे त्यांचा जीव.

ही खबर काकूंच्या मुलाला, नंदकुमारदादाला, मुलुंडला पोचली. तो बायकोसह तिथल्या नव्या ब्लॉकमध्ये राहतो. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर आला, बुटांसकट दारात उभा राहिला.

“आई, जरा प्रॅक्टिकल हो. शेगडी गेली की तू काय करणार? कोळशाचा धूर तुला चालत नाही. स्टोव्हला पंप मारताना धाप लागते, रॉकेलच्या वासाने खोकतेस. मुदतीच्या रविवारी टॅक्सी घेऊन येतो. आमच्याकडे चल. नीला सगळं करते. तू नुसती बसून राहा.”

“बसून काय करू? मी काय भिंतीवरचं घड्याळ आहे?”

“अगं, आराम कर.”

“नंदू, माझा भात मी शिजवते म्हणून मी इथली बाई आहे. तुझ्याकडे मी पाहुणी. चांगली वागवाल, माहीत आहे मला. पण पाहुणीच.”

“आई, मुद्दा फ्यूजचा आहे.”

“मग फ्यूजचंच बघते मी. रविवार लांब आहे अजून.”

तर काकूंची लढाई अशी होती. शेगडी राहिली तर घर राहणार, शेगडी गेली तर मुलुंड.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वायर बदलून घेतली. सकाळी ‘फट्’. मग प्लग बदलला. परत ‘फट्’. मग टोस्टर आणि किटली दोघांनाही फडताळात वर ठेवून दिलं, “त्यांच्यावर आळ नको” म्हणून. तरी ‘फट्’. आणि गंमत अशी, की सकाळी रुसलेली हीच शेगडी बांदेकरांनी फ्यूजला नवी तार घातली की दुपारी शहाण्यासारखी ‘हंऽऽऽ’ करत चालायची. एका दुपारी काकूंनी बांदेकरांनाच बोलावलं, समोर पाटावर बसवलं आणि शेगडीवर घावनं घालायला घेतली. एक, दोन, तीन. दिवा लागलेला, शेजारी आमच्याकडे इस्त्री चाललेली, फ्यूज ठणठणीत.

बांदेकर नारळाच्या रसात घावन बुडवत म्हणाले, “दुपारची बरी चलता, मगे सकाळची कित्याक मरता?”

काकूंचा हात तव्यावरच थांबला. “सकाळी असं काय करते हो मी, जे दुपारी करत नाही?”

“माका काय ठाऊक?”

“थांबा. उठते. आंघोळ करते. सोवळं नेसते. चुलीला पोतेरं...”

“कोणाक?”

“चुलीला.”

“खंयच्या चुलीक?”

काकूंनी उलथन्याने दाखवलं. “ही काय. तुमच्या समोर.”

बांदेकरांच्या हातातलं घावन रसात पडलं. “इलेक्ट्रिकच्या शेगडयेक तुमी पोतेरा करतास? पाण्यान?”

“वीस वर्षं करतेय. कधी काही झालं नाही. बाहेरून कडेकडेनेच करत होते. आता ताटली तडकली म्हणून जरा आतही लिंपते. चुलीला भेग पडली की आपण काय करतो? मातीने बुजवतो. मी ताजी माती कालवून रोज सकाळी...”

आणि बोलता बोलता त्यांनी शेगडीत वाकून पाहिलं. ओली माती थेट तारेवर, तार पत्र्याच्या डब्यात, डबा नुकत्याच पुसलेल्या ओल्या लादीवर. दुपारपर्यंत सगळं सुकून कोरडं. बांदेकर हसायला लागले ते थांबेनात. लुंगीने डोळे पुसत होते. काकू मात्र हसल्या नाहीत. खटका बंद केला, पाटावर नीट बसल्या.

“म्हणजे वीज शहाणी आहे. वेडेपणा माझाच.”

“मगे झाला! उद्यापासून पोतेरा बंद.”

“ते बंद होणार नाही. सासूबाईंना शब्द दिलाय.”

“बाय, सासू खंय, तुमी खंय! तडकलेली ताटली असताना मी ही पेटवक दिवचंय नाय. करंट लागान मेलास तर पोलीस माका विचारतले.”

यावर काकू म्हणाल्या ते मी त्यांच्याच आवाजात रोज म्हणते, कारण मला ते फार आवडतं. “बरोबर आहे तुमचं. तडकलेली ताटली चालायची नाही. तर न तडकलेली आणते.”

दुसऱ्या दिवशी काकू निघाल्या, पिशवीत जुनी ताटली आणि पिशवी माझ्या हातात. पार्ल्याच्या दुकानात मिळाली नाही. दादरला गेलो. तिथे काचेच्या कपाटात सगळा चकचकाट. विकणारा गोड बोलणारा होता, केसांना इतकं तेल की त्यात पापड तळावेत.

“आजी, हे मॉडेल आता येत नाही. हे बघा लेटेस्ट. आणि हा टोस्टर बघा, ऑटोमॅटिक. भाजून झालं की ब्रेड स्वतःच उडी मारतो.”

“उडी कशाला मारतो?”

“म्हणजे लक्ष ठेवायला नको.”

“आणि पापड उडाला तर धरायचा कोणी? तू येणार आहेस?” काकूंनी त्या टोस्टरला दार शोधलं. दारच नव्हतं. “आत काय चाललंय ते दिसतच नाही. अशा वस्तूशी बोलायचं तरी काय! तू मला ताटलीचं बोल.”

“आजी, ताटली कुठेच मिळणार नाही. भंगारात टाका हो.”

“तुझ्या आजीला टाकलीस का रे?”

परत येताना काकू स्टेशनबाहेर थोडा वेळ धाप लागून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मुलुंड. पण त्या पिशवीतली ताटली काढून उलटसुलट बघत होत्या. “माती आहे ना ही? भाजलेली माती. मग दुकानात काय शोधतेय मी?”

जोगेश्वरीला काशीराम कुंभार आहे, पार्ल्यातल्या घरांना माठ आणि पणत्या देतो. काकूंनी त्याच्यापुढे ताटली ठेवली. त्याने गोल गोल खाचांवरून बोट फिरवलं.

“ही काय, जिलबी आहे का बाई?”

“तसंच समज. जिलबी बसेल अशी जागा कर. खोल हवी, तार वर येता कामा नये. आणि भरपूर भाज. आच सोसली पाहिजे.”

“आपण असलं कधी केलेलं नाही.”

“मी तरी विजेची चूल कधी बघितली होती?”

पहिली ताटली भट्टीतच तडकली. दुसरी भाजून आली, पण आकसून इतकी लहान झाली की डब्यात खुळखुळायला लागली. मी म्हटलं, काकू, शनिवार आला. त्या म्हणाल्या, “तुला कोणी विचारलं?” आणि काशीरामला, “आकसते तर मोठी कर ना.” तिसरी, जरा मोठ्या मापाची, शनिवारी संध्याकाळी जुन्या गोणपाटात गुंडाळून आली. काकूंनी प्लग काढून ठेवला, जुनी तार बोटांनी हलकेच नव्या खाचांत बसवली. बसली. मग ओल्या फडक्याने पत्र्याची कड पुसून घेतली आणि शेगडी तशीच गॅलरीत वाळत ठेवली. “वेळ बदलली फक्त. पोतेरं आता आदल्या संध्याकाळी, प्लग काढून आणि फक्त बाहेरून. सकाळी हळदकुंकू कोरडं. सासूबाई असत्या तर कुरकुरल्या असत्या, पण ऐकलं असतं.”

रविवारी सकाळी नंदकुमारदादा टॅक्सी खाली उभी करून वर आला. त्याच वेळी बांदेकर फ्यूजच्या पेटीखाली खुर्ची टाकून बसले होते, रेडिओ मोठ्याने लावून. एका डोळ्याने पेटी, एका डोळ्याने काकू. मी आमच्या दारात. काकूंनी आंघोळ केली, सोवळं नेसलं, शेगडीला हळदकुंकवाचं बोट लावलं.

“आई, सामान कुठे आहे?”

“बाजूला हो. टॉक ऐकू दे.”

टॉक.

सगळे पेटीकडे बघत होते. रेडिओवर बातम्या देणारा खणखणीत आवाजात बोलतच होता. शेगडीने ‘हंऽऽऽ’ सुरू केलं, पण वेगळं, जरा घोगरं, सर्दी झाल्यासारखं. नवी माती होती ना. नवा आवाज शिकायला मला दोन दिवस लागले. काकूंनी पातेलं चढवलं. भात झाला. आमटीला उकळी आली. बातम्या संपल्या, बाजारभाव संपले, रेडिओवर कोणीतरी सनई लावली. बांदेकर उठले, खुर्ची उचलली आणि जाताना एवढंच म्हणाले, “बाय, त्या कुंभाराक सांगा, माका पण एक करून दी म्हणान. माझ्या बायलेची शेगडी पण खिळखिळी झाली हा.”

खाली टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला. नंदकुमारदादा तिथेच उभा, रुमालाने मान पुसत.

“आई, पण आज चाललं म्हणून रोज चालेल का? तू एकटी...”

“न चालली तर परत काशीरामकडे जाईन. बस. पान वाढलंय.”

“टॅक्सी थांबलीय गं.”

“मग पटापट जेव.”

तो जेवला. डाळिंब्यांची उसळ तीनदा मागून घेतली. काकूंनी उरलेली डब्यात भरली, झाकण दाबून बसवलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

“हे नीलाला. आणि सांग तिला, मी येईन मुलुंडला, चार दिवस राहायला. चारच. पाचव्या दिवशी मला माझ्या घरी आणून सोडायचं.”

नंदकुमारदादा डबा घेऊन दोन पायऱ्या उतरला, मागे वळला. “पुढच्या रविवारी येऊ आम्ही दोघं?”

“या की. पण पाट माझ्याकडे दोनच आहेत. तिसरा येताना घेऊन या.”