शीव ओलांडलेला आसाराम

धर्मापुरीच्या अलीकडं एका गावात आसाराम जागल्या होता. निजामाचं राज्य, त्यात दुष्काळाचं साल. जागल्या म्हणजे रात्री नुसता काठी आपटत फिरणारा, असं समजू नका! चोरी झाली की पायांचा माग काढायचा, हे त्याचं खरं काम. मातीतलं पाऊल बघून हा गडी सांगायचा, माणूस म्हातारा की तरणा, रिकामा की ओझ्याचा. माग गावच्या शिवेपर्यंत न्यायचा, तिथं पलीकडच्या जागल्याच्या ताब्यात द्यायचा आणि घरी यायचं. वाडवडलांपासून हेच चालत आलेलं.

पाच वर्षांमागं आसारामानं बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून दर ऐतवारी वस्तीतल्या बायाबापड्यांना जमवून सांगायचा, "वाट चुकलेल्या माणसाला हुडकत देव सोता येतो. येशूनं जीव दिला त्यो असल्या माणसापायीच." सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. ते काही ढोंग नव्हतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं. एकुलता एक पोरगा गहिनीनाथ, तो नेमका बाप्तिस्म्याच्या दिवशीच शिंदी पिऊन, झोकांड्या खात पाद्रीसाहेबांपुढं आला. आसारामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तू मला मेलास. परत ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई," असं तो चारचौघांत बोलला. पोरगं गेलं ते गेलंच.

आणि एका सकाळी बोंब उठली. भगवानराव पाटलांचं ज्वारीचं पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, कुणीतरी उघडलं होतं, पोतंभर दाणे गेले होते. पेवाच्या तोंडाशी उठलेल्या पावलावर पाटलांनी टोपलं पालथं घालून ठेवलं होतं. परळी ठाण्याचा मुनव्वर जवान चावडीवर मुक्कामाला होताच, तोही आला.

आसारामानं टोपलं उचललं आणि तो पावलावर वाकला. डाव्या पायाचं धाकटं बोट शेजारच्या बोटावर चढलेलं. हे बोट सरळ व्हावं म्हणून त्यानं लेकराच्या पायाला वर्षभर तेल चोळलं होतं.

"काय दिसतंय?" पाटलांनी विचारलं.

"आधी आला कुठून ते बघतो, मालक." तेवढाच वेळ काढावा, दुसरं काय! माग उलटा धरून तो निघाला, पाटील आणि मुनव्वर त्याच्या मागोमाग. माग वेशीबाहेर गेला, वस्तीत शिरला आणि थेट आसारामाच्याच दारात आला. उंबऱ्यापासून हातभर अलीकडं दोन पावलं जवळजवळ उमटली होती. टाचा खोल रुतलेल्या, माती तुडवलेली. बराच वेळ उभा राहिला होता पोरगा. उंबऱ्याला मात्र पाय लावला नव्हता. तिथून वळून तो पेवाकडं गेला होता, आणि त्या वेळी बाप पहाटेची फेरी आटपून, कडी लावून आत निजला होता. अरे देवा! एक हाक मारली असती तर?

"कुनाचा माग हाय वो?" बायको साखराबाईनं आतून विचारलं.

एक पाय फिरवला असता तर माग मोडला असता, कुणाला कळलंही नसतं. शेवटी तो म्हणाला, "पाटील, पाय माज्या गहिन्याचा हाय. पर पयला गुन्हा माजा हाय."

पेवापासून पुढचा माग धरून सगळे शिवेवर आले, तिथं पाटील थांबले. "तुझं काम झालं. घरी जा आता."

आसाराम थांबला नाही. पलीकडच्या गावात लोक उपाशी होते, आणि दाण्याचा चोर सापडला तर हाडं मोडल्याशिवाय सोडायचे नाहीत. ते आधी पोचले तर? म्हातारा धापा टाकत पळत सुटला. मागून मुनव्वर ओरडत होता, "ठैर जा, बुढ्ढे!" कोण ऐकतंय!

ओढ्याच्या कपारीत गहिनीनाथ सापडला. हाडं वर आलेली, कच्चे दाणे चावत बसलेला. बापाच्या हातातली काठी बघून त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. आसारामानं काठी ओढ्यात भिरकावली.

"मारा बा, न्हाईतर धरून द्या."

"दाणे लोकाचे हायती, ठाण्यात जावंच लागंल. पर म्या संगं येनार. आदालतीत बी, तुरुंगाच्या दारात बी. तू माज्या दारात उबा व्हतास आन म्या कडी लावून निजलो रं!" आणि म्हातारा हमसून हमसून रडायला लागला.

मुनव्वर खाली उतरला आणि पोराचे हात बांधायला लागला. गहिनीनाथ बापाकडं बघत होता. "बा, तुमचा येशू माज्यासारख्या चोराला घेईल का?"

पाच वर्षं लोकांना सांगत आलेलं सगळं आसाराम त्या घडीला विसरला. पोराचं बांधलेलं मनगट त्यानं धरलं. "तू भुकेपायी चोरलंस. म्या भरल्या पोटी लेकराला दार लावलं, तरी त्यानं मला घेतलं. मग तुला कावून न्हाई घेनार?"