ट्रॉलीच्या डाव्या अंगानं

पन्नाशीत मी स्कुटी शिकले आणि वरूडच्या रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक मला भाऊबंदकीतला दीर वाटू लागला. हेल्मेटनं माझा अंबाडा दबायचा, म्हणून आम्ही बाईसाहेब तोंडाला स्कार्फ गुंडाळून, पायाशी ठेवलेल्या हेल्मेटात संत्री भरून निघायचो.

त्या दिवशी पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली हळू चालली होती. उजवीकडून ट्रक येत होते, थांबायचा तर धीर नाही, म्हणून मी डावीकडून घुसले. नेमका तेव्हाच ट्रॅक्टर डावीकडे बागेत वळला. ट्रॉलीनं मला डांबरावर आपटलं. खांद्याचं हाड कटकन मोडलं, कोपराची कातडी सोलली, आणि मागचं चाक माझ्या कानाशेजारी पडलेलं हेल्मेट चिरडून गेलं.

ट्रॅक्टरवाला धावत आला. रक्तात कालवलेला लगदा पाहून तो मटकन बसला. "डोस्कं फुटलं वं मायचं! मी खून केला!"

"थे संत्रे आहेत रे," मी कण्हले.

तसा तो भडकला. "कावून घुसली वं मावशी तिकून? मले तू दिसलीच नाई!"

मला हसू फुटलं. त्या हसण्यानं मोडलेलं हाड आत असं घासलं, की किंचाळतच माझी शुद्ध गेली.