पहिल्या सुराआधी

गेल्या वर्षी जुलै ते सप्टेंबर मी मुंबईतले सहा बार पाहिले, तेही एकटीने. आईला फोनवर 'हॉटेल' सांगायचे, आणि ते अगदी खोटंही नव्हतं. नोकरी अंधेरीत, राहणं पीजीत. शुक्रवारी ऑफिस सुटलं की जिथे लाइव्ह म्युझिक असेल तिथे जायचे. भिंतीला पाठ लागेल असं टेबल शोधायचे, लाइम सोडा मागवायचे आणि फोन हातात धरून बसायचे, म्हणजे कुणाची तरी वाट बघतेय असं वाटावं. वेटर थोड्या थोड्या वेळाने विचारायचा, "मॅम, कोणी येतंय?" मी मान अशी हलवायचे की त्यातून हो निघावं आणि नाहीही.

गाण्यांकडे माझं फारसं लक्ष नसायचं. स्टेज केवढं आहे, प्लग कुठे आहेत, वाजवणारे किती, लोक ऐकतात की बोलत बसतात, हे मी बघायचे. एका ठिकाणी गझल गाणाऱ्या माणसासमोर अख्खं टेबल केक कापत होतं. दुसरीकडे गिटारवाल्यापेक्षा बारमधला मिक्सर मोठ्याने वाजत होता. तिसरीकडे एक माणूस न विचारता माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसला आणि हसला. मी सोडा अर्धा टाकून उठले आणि रिक्षा मिळेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या शुक्रवारी तरीही चौथ्या ठिकाणी गेले.

हे सगळं बाबांच्या बेंजोसाठी होतं. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं वाद्य. आमच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून खाली मुरूडपर्यंत, कोळीवाड्यात हळद त्याच्याशिवाय लागायची नाही. बाबांची तिघांची बेंजो पार्टी: बेंजो, ढोलकी, कीबोर्ड. आता हळदीला डीजे येतो. गेल्या हंगामात बाबांना मिळालेल्या हळदी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या. ढोलकी वाजवणाऱ्या काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, मांडव्याच्या जेट्टीवर सिक्युरिटीच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर ते जाणार होते, आणि काका गेले की पार्टी संपली. बाबा रोज संध्याकाळी बेंजो काढायचे, पुसायचे आणि न वाजवता ठेवून द्यायचे.

सहावा बार एका जुन्या गिरणीच्या आवारात होता. तिथल्या मॅनेजरला मी फोनवर बाबांचा व्हिडिओ दाखवला. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्याच्यासमोर जाऊन उभं राहायला मला तीन शुक्रवार लागले. दर वेळी मी लेडीज टॉयलेटमध्ये जाऊन काय बोलायचं ते पाठ करायचे. तिथे फरशी पुसायला आणि टिश्यू द्यायला एक मावशी असायच्या, साताऱ्याकडच्या. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "पोट बिघडलंय का गं तुझं?"

"नाही. एकाशी बोलायचंय."

"लग्नाचं?"

"कामाचं."

"मग जा की! कामाचं बोलायला काय लाजायचं? लग्नाचं असतं तर गोष्ट येगळी."

मी गेले. मॅनेजर तिशीचा होता. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि इंग्रजीत म्हणाला, एक शुक्रवार ट्रायल घेऊ; लोक नाचले तर दर शुक्रवारी.

बाबांना मी फोनवर एकूण एक गोष्ट समजावली. काळे शर्ट. पाऊण तास, त्याच्या पुढे एक मिनिट नाही. माइकवरून कुणाच्या नावाचा जयजयकार करायचा नाही. कुणी ग्लास पुढे केला तरी घ्यायचा नाही. बाबा प्रत्येक गोष्टीला "हाय, ठीक हाय" म्हणत होते. मांडव्याला रो-रो बोटीवर टेम्पो चढवून तिघं दुपारीच मुंबईत आले.

साउंड चेकला मी मध्ये उभी होते. साउंडवाला इंग्रजीत म्हणाला, "हे खेळणं लाइनमध्ये कसं घ्यायचं?" मी बाबांना सांगितलं, वायर कुठे लावायची ते विचारतायत. काका काळ्या रंगाच्या भिंतींकडे बघत म्हणाले, "या भुयारात कोन नाचनार?" मी मॅनेजरला सांगितलं, त्यांना जागा आवडली. माझ्या इंग्रजी शाळेची फी बाबांनी मासे सुकवून, हळदी वाजवून भरली होती. त्या शाळेतली इंग्रजी त्या संध्याकाळी मी अशी वापरत होते.

आठ वाजता दिवे बदलले. स्टेजवर निळा उजेड पडला. बाबा बेंजो समोर घेऊन बसले होते. दोन्ही हात मांडीवर. काकांचे हात ढोलकीवर, पण नुसते ठेवलेले. कीबोर्डवाला खाली बघत होता.

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. लोकांचं बोलणं आधी थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "अंकल, स्टार्ट करो!" हशा झाला. मॅनेजरने लांबून माझ्याकडे पाहिलं.

आणि मला कळलं. ज्या घरी वाजवायचं त्या घरची बाई पहिला सूर लागायच्या आधी येते, वाद्यांना कुंकू लावते, विडा-सुपारी ठेवते. तो मान. मान न घेता वाजवणं म्हणजे दारोदार वाजवणं, असं आजोबा सांगायचे. मी लहानपणापासून हे इतक्या वेळा पाहिलं होतं की सांगायच्या गोष्टींमध्ये ते आलंच नाही. साउंड चेकलाही बाबांनी एकेक बटण दाबून दाखवलं होतं, चाल धरली नव्हती. तेही मी पाहिलं होतं.

मी वाकून स्टेजच्या कडेला गेले. "बाबा, सुरू करा ना."

"मान कोन देनार, बाय?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, जसं यजमान कुठे गेले म्हणून विचारावं.

"इथे तसं नसतं."

"मंग आपन वाजवतोय कुनाच्या घरी?"

"मी लावते कुंकू."

"तू आपल्यातली. आपला मान आपनच घ्याचा?"

"दादा, लोक बघतान," काका दात आवळून म्हणाले. बाबांचे हात मांडीवरच राहिले. ते अडून बसले नव्हते, हे मला दिसत होतं. त्यांना खरंच वाटत होतं की कुणीतरी येईल.

मॅनेजरने दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं, मग तो रेकॉर्ड केलेलं संगीत लावणार. मी बार काउंटरकडे पाहिलं. तिथल्या दोन मुली याच आठवड्यात लागल्या होत्या. मालक परदेशात असतात असं ऐकलं होतं. या घरात घरची बाई कोण?

मी टॉयलेटकडे पळाले.

"मावशी, तुम्ही इथे केव्हापासून आहात?"

"हाटेल उघडलं तवापासनं. का गं?"

"कुंकू आहे तुमच्याकडे?"

मी दोन वाक्यांत सांगितलं, तिसऱ्याची गरज पडली नाही. त्यांनी रबरी हातमोजे काढले, पर्समधून डबी काढली. "पानं न्हाईत. सुपारी हाय, माझी खायची. चालंल?" मग दारात थबकल्या. "सायेब वरडल."

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले. काय सांगणार होते, मला माहीत नव्हतं.

राखाडी युनिफॉर्म, एप्रन, पायात रबरी चपला, अशा मावशी टेबलांमधून चालत गेल्या. चपला स्टेजखाली काढल्या. हात एप्रनला दोनदा पुसले. बेंजोला कुंकू लावलं, ढोलकीला लावलं, कीबोर्डकडे जरा वेळ बघून त्यालाही एक बोट टेकवलं. सुपारी बेंजोसमोर ठेवली आणि हात जोडले. तोवर पंधरा-वीस फोन वर गेले होते. बाबांनी सुपारी कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि मावशी स्टेजवरून उतरायच्या आत पहिला सूर काढला.

लोक नाचले. तिसऱ्या चालीला टेबलं मागे सरकवावी लागली. मी मात्र मॅनेजरचा चेहरा बघत होते, आणि त्यावरून काही कळत नव्हतं.

संपल्यावर त्याने आम्हाला मागच्या बोळात बोलावलं. तो खूश होता. भराभर इंग्रजीत बोलला: दर शुक्रवारी या. ती सुरुवात तर कमाल होती, ती ठेवायचीच. फक्त हाउसकीपिंगची बाई नको. आपण एखादी मुलगी घेऊ, नऊवारी, हातात ताट, वरून स्पॉटलाइट. डॅडना सांग.

"काय बोलतो?" बाबांनी विचारलं.

काम मिळालं, दर शुक्रवारी. एवढंच सांगायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. काका माझ्याकडे ज्या आशेने बघत होते ती मला अजून दिसते. पण मग पुढच्या शुक्रवारी भाड्याने आणलेली मुलगी ताट घेऊन येणार आणि बाबा तिला घरची समजून हात जोडणार. मी सगळं सांगितलं, नऊवारी आणि स्पॉटलाइटसकट.

बाबा कोपराभोवती वायर गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "ती बाय या घरची हाय का न्हाय?"

"आहे. पहिल्या दिवसापासून."

"मंग तिला उठवून दुसरीला बसवनारा मी कोन?"

"दादा, कुंकू ते कुंकू," काका म्हणाले. "कोनी लावला म्हनून काय?"

"तू जा मांडव्याला," बाबा म्हणाले. काकांनी ढोलकी उचलली आणि ते टेम्पोकडे निघून गेले.

मी मॅनेजरला सांगितलं, मावशी कुंकू लावतील तरच बाबा वाजवतील. एरवी मी अशा वाक्यापुढे सॉरी जोडते. त्या वेळी जोडलं नाही. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "लोक जेवत असतात," तो म्हणाला. "टॉयलेटमधली बाई? कळवतो."

निघताना मी बाबांचं म्हणणं मावशींना सांगायला गेले. त्या भडकल्याच. "आत्ता गं बया! माझ्यापायी काम घालवलं? तुझ्या बापाला सांग, मानानं पोट भरत न्हाई." त्यांनी बादलीतलं पाणी जोरात ओतलं. मग पाठमोऱ्याच, हळूच विचारलं, "पर खरंच असं म्हनलं ते?"

चार दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपले. घरून आईचा फोन यायचा. काका बाबांशी बोलत नव्हते. जेट्टीवरून त्यांना भेटायला बोलावलं होतं, गुरुवारी.

बुधवारी दुपारी मॅनेजरचा मेसेज आला. ती बाई चालेल. पण साडेसहाला, दरवाजे उघडायच्या आधी. लोकांसमोर नको.

मी बाबांना सांगितलं, मान साडेसहाला, दार उघडायच्या आधी.

"चांगला हाय," बाबा म्हणाले. "मान काय लोकांना दाखवाचा असतो?"

मेसेजमधलं शेवटचं वाक्य मी त्यांना सांगितलं नाही. काका गुरुवारी मांडव्याला गेले नाहीत.

शुक्रवारी साडेसहाला खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. सगळे पांढरे दिवे चालू होते आणि त्या उजेडात बार एखाद्या गोडाउनसारखा दिसत होता. मावशींनी युनिफॉर्मवर गजरा माळला होता आणि या वेळी विड्याची पानं आणली होती. त्यांनी कुंकू लावलं, विडा ठेवला, हात जोडले आणि मागे वळून पाहिलं. समोर मी होते, घड्याळ बघणारा मॅनेजर होता आणि ग्लास पुसणारा एक माणूस.

"झालं?" त्यांनी मला विचारलं.

"झालं."

"बरं."

"मावशी, चलो, दरवाजा खोलना है," मॅनेजर म्हणाला. त्यांनी कुंकवाचं बोट एप्रनला पुसलं आणि त्या टॉयलेटकडच्या बोळातून आत गेल्या.

मान मिळाला की वाद्य गप्प ठेवायचं नसतं. बाबांनी रिकाम्या हॉलमध्येच चाल धरली, काकांनी ढोलकी जुळवली. वेटर एकेक खुर्ची खाली उतरवत होते. मी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. आत टॉयलेटचं दार टाचेने थोडं उघडं धरून मावशी ऐकत होत्या. मग बाहेर लोकांचा आवाज आला आणि त्यांनी दार लावून घेतलं.