बाईसाहेबांचा ड्रायव्हर

मेश्राम काकांना मी सुरुवातीचे काही महिने ड्रायव्हरच समजत होते.

सकाळी ऑफिसला जायला मी खाली उतरायची, तेव्हा आमच्या गाझियाबादच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जुनी पांढरी गाडी चालू होऊन उभी असायची. उंच, जरासे वाकलेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ मागचं दार उघडून धरत. कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या एक वयस्क बाई त्यांच्याकडे न बघता आत बसत आणि म्हणत, "चलो रामसिंह, देर हो रही है."

"जी मॅडम."

दार अलगद लागायचं. गाडी निघायची. एवढ्या अदबीचा ड्रायव्हर या बाईंना कुठे मिळाला, असं मला वाटायचं.

एकदा मी लातूरला आईशी फोनवर बोलत जिना उतरत होते. ते गृहस्थ काच पुसत होते. हात थांबवून ते माझं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "मराठवाड्याच्या का तुम्ही? 'कराल्याव' म्हणालात आत्ता."

मी चमकले. "हो. तुम्ही?"

"मी मेश्राम. भंडाऱ्याचा. तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"आणि या मॅडम?"

"माझी मिसेस," ते म्हणाले. मी ओशाळले. त्यांनीच सावरून घेतलं. "संध्याकाळी या चहाला. मराठी बोलायला या, चहा काय, कुठेही मिळतो."

मी दिल्लीत आले ती स्पर्धा परीक्षेसाठी. संधी संपल्या, नोकरी लागली, आणि परत जाणं राहून गेलं. माझं मराठी फोनपुरतं उरलं होतं. त्या संध्याकाळी मी गेले आणि मग जातच राहिले.

सुमनकाकू केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर होत्या. त्यांच्या गावातली शिकून साहेब झालेली पहिली मुलगी. काका वीज खात्यात इंजिनीअर, हुद्दा बायकोपेक्षा खालचा, आणि याचा त्यांना इतका अभिमान की ते तो लपवायचेही नाहीत. "आमच्या घरात सरकारी गाडी एकच यायची, तीही तिची. मी बसने जात होतो, बाप्पा." त्या गाडीचा ड्रायव्हर रामसिंह. निवृत्तीनंतर काही वर्षांनी काकूंची आठवण विरत चालली. आधी भाजीत मीठ, मग शेजाऱ्यांची नावं, मग स्वतःचा मजला. आणि एका सकाळी त्यांनी नवऱ्यालाच 'रामसिंह' म्हणून हाक मारली.

"मी म्हणालो, अगं सुमन, मी आहे. तर ती घाबरली. घरात परका माणूस शिरला म्हणून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. मी म्हणालो, जी मॅडम. एकदम शांत झाली पाहा. तेव्हापासून मी रामसिंह."

ते रोज त्यांना गाडीतून दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर नेत, त्यांच्या जुन्या ऑफिसवरून एक फेरी मारत आणि म्हणत, "मॅडम, आज छुट्टी है." काकू म्हणत, "अच्छा? चलो फिर, घर चलो." रविवार असो की सोमवार, रोज सुट्टी. त्या फेरीनंतरच काकू जेवत, औषध घेत, झोपत.

यातली सगळ्यात कठीण गोष्ट काकांनी मला अगदी सहज सांगितली. रामसिंहाशी मॅडम हिंदीतच बोलणार. "एवढा संसार मराठीत झाला आमचा. भांडणंसुद्धा. आता ती माझ्याशी मराठीत बोलतच नाही."

त्या हिवाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर बिघाड दाखवणारा, इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गेटबाहेरच्या मिस्त्रीने सेन्सर बदलला. दिवा चार दिवस गेला आणि पुन्हा आला. दुसऱ्याने इंजिन साफ करून दिलं. दिवा आलाच. तिसरा म्हणाला, "अंकल, पुरानी हो गई. बेच दो." इंजिन आणखी बिघडू नये म्हणून काकांनी गाडी एक दिवस जागेवरच ठेवली. त्या एका दिवसात, ते दूध तापवत असताना, काकू पर्स घेऊन खाली गेल्या. वॉचमनला त्या पार्किंगमध्ये सापडल्या. एकेका गाडीचं दार ओढून बघत होत्या आणि रडत होत्या. "मेरी गाड़ी कहाँ है? रामसिंह कहाँ है?"

काका धावत आले तेव्हा त्यांच्या पायात चप्पल नव्हती. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी गाडी कुणाच्या हाती दिली नाही. काडेपेटीएवढं एक यंत्र आणलं. ते स्टिअरिंगखालच्या खाचेत लावलं की फोनवर बिघाडाचा कोड दिसायचा. मला वाटलं, झालं काम. काका हसले. "कोड म्हणजे उत्तर नाही, बेटा. कोड म्हणजे तक्रार. हा म्हणतो, इंजिनात हवा जास्त येते आणि पेट्रोल कमी पडतं. काऊन येते, ते नाही सांगत. ते आपण शोधायचं."

"पण सेन्सर तर नवीनच आहे ना?"

"सेन्सर काय करतो? बातमी आणतो. बातमी आणणाऱ्याला हाकललं म्हणून घरातलं भांडण मिटतं का?"

अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यांचा त्यांना राग होता. "ताप आला म्हणून शर्ट बदलतात हे लोक," असं ते म्हणायचे. त्यांची रीत वेगळी. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. ती ठीक असली की तिला परत हात लावायचा नाही. एअर फिल्टर पाहिला, हवा मोजणारा सेन्सर साफ केला, पेट्रोलचा दाब बघून घेतला. सगळं ठीक. मग त्यांच्या लक्षात आलं की दिवा लागतो तो गारठलेल्या सकाळी, दुपारी कधीच नाही. "थंडीत रबर आखडतं," ते म्हणाले. "कुठेतरी भेग आहे. गरम झालं की बुजते. म्हणजे तिला थंडीतच पकडायला पाहिजे."

म्हणून एका रविवारी, धुकं विरलंही नव्हतं तेव्हा, आम्ही तिघं गाडीपाशी होतो. काकूंना शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं होतं. मी स्टिअरिंगवर. काका बॉनेट उघडून आत वाकलेले, एका हातात साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली. इंजिनाचा आवाज वर-खाली होत होता, दम लागलेल्या माणसासारखा.

"रामसिंह, क्या हो रहा है?" काकूंनी विचारलं.

"बस दो मिनट, मॅडम."

ते एकेका नळीवर थोडं थोडं पाणी उडवत आणि कान देत. भेगेवर पाणी पडलं की ती क्षणभर बंद होणार, आणि इंजिनाचा आवाज बदलणार. पहिली नळी, काही नाही. दुसरी, काही नाही. हात आणखी खाली गेला, इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही. आणि एकदम इंजिन सुरळीत झालं. धाप थांबली.

"सापडलं गं, सापडलं!" काका मोठ्याने ओरडले.

मागच्या सीटवर काकू ताठ बसल्या. माझ्या खांद्याला हात लावून त्यांनी मराठीत विचारलं, "कोण बोललं? आपल्याकडचं आहे वाटतं कुणीतरी."

मी आरशातून काकूंकडे पाहिलं आणि मग समोर. काका तसेच उभे होते, बाटली हातात धरून. उघड्या बॉनेटआड त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मला वाटलं, आता ते येतील, काच खाली करतील, नाव सांगतील. पण त्या घाबरल्या तर? बहुधा तेही हाच विचार करत असावेत. मग त्यांचा आवाज आला.

"जी मॅडम. हो गया."

"अच्छा," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

भेग पडलेल्या त्या वाकड्या नळीच्या जागी नवी नळी दिल्लीत करोल बागेतल्या सुट्या भागांच्या बाजारातच मिळाली असती. मी काकूंपाशी बसते म्हटल्यावर काका मेट्रोने गेले. काकू माझ्याशी मराठीत बोलायच्या. मी त्यांना ऑफिसातली कुणीतरी ज्युनिअर वाटत असे. त्या दिवशी त्या मटार सोलत होत्या. मी विचारलं, "काकू, साहेब कुठे असतात तुमचे?"

"टूरवर आहेत," त्या म्हणाल्या. "फार दिवस झाले या वेळी. आमचे हे गरीब स्वभावाचे आहेत गं. माझं प्रमोशन झालं ना, तेव्हा बसमधून पेढे घेऊन आले, अख्ख्या बसला वाटून. घरी आले तेव्हा पुडा रिकामा!" त्या हसल्या. मग मटाराची शेंग हातातच राहिली. "ड्रायव्हर चांगला आहे. पण हे आले म्हणजे बरं होईल."

काका परत आल्यावर मी त्यांना जिन्यात गाठून हे सांगितलं. ते नळीची पिशवी छातीशी धरून ऐकत होते.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.

"पेढ्यांचं आठवतं तिला?" त्यांनी विचारलं. "मलाच आठवत नव्हतं." ते तिथेच पायरीवर बसले, आणि मी त्यांच्या शेजारी. वरून उतरणाऱ्या एका मुलीने "अंकल, तबियत ठीक है?" असं विचारलं. ते म्हणाले, "बिल्कुल ठीक."

नळी बसली. यंत्राने दिवा लगेच घालवता आला असता, पण काकांनी घालवला नाही. "दाबून घालवला तर कळणार कसं, खरंच गेला की नाही? आपण होऊन जाऊ दे." तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो आपण होऊन गेला. रोजची फेरी सुरू झाली.

पण गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती, आणि त्यानंतर नियमाने ती दिल्लीच्या आसपास चालवू दिली नसती. नवी गाडी घ्या, असं सगळे म्हणाले. काकांनी एकदा ओळखीच्यांची नवी गाडी मागून आणली, तर काकू तिच्यात बसायलाच तयार होईनात. शेवटी त्यांनी ना-हरकतीचे कागद केले आणि गाडी नागपूरला न्यायची ठरवलं. काकूंची धाकटी बहीण तिथे होती. घर आवरलं, सामान ट्रकने गेलं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी ते दोघं निघाले. एवढा लांबचा रस्ता, या वयात, एकट्याने. मी म्हटलं, सोबतीला कुणी ड्रायव्हर घ्या. ते मिशीतल्या मिशीत हसले. "दोन ड्रायव्हर कशाला?"

मला "जयभीम, बेटा. जेवत जा वेळेवर," म्हणाले. काकूंनी मला ओळखलं नाही. गाडी गेटमधून वळली, वॉचमनने सलाम केला, आणि मी वर आले.

ते मुक्काम करत करत पोचले. काकू बहिणीकडे वर्षभर राहिल्या. तिथेही सकाळची फेरी चुकली नाही; काका त्यांना कुठल्याही सरकारी इमारतीवरून नेत आणि आज सुट्टी आहे म्हणून सांगत. एका दुपारी त्या झोपेतच गेल्या. काकांनी मला दोन दिवसांनी कळवलं. शेवटपर्यंत ओळख परतली नव्हती. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

परवा त्यांचा फोन आला. मी म्हटलं, काका, कसं वाटतं तिकडे, आपल्या माणसांत?

"इथे जिकडेतिकडे मराठी आहे," ते म्हणाले. "भाजीवाला मराठी, वॉचमन मराठी. दिवसभर ऐकतो. पण बेटा, माझ्याशी बोलायला तीच लागते. हिंदीत का होईना."

 त्यांच्या बाजूने पंख्याचा आवाज येत होता. खाली आमच्या गेटवर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"ठेवा, काका."

पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.