जरा निवू दे

आत्या ठार बहिरी आहे, ही बातमी गल्लीत इस्त्रीवाल्यानं पसरवली. तीन हाका मारल्या, बाईंनी मान वर केली नाही, म्हणजे झालंच! हार्मोनियम दुरुस्त करणारी बाई आणि बहिरी? लोक पोट धरून हसले.

खरं तर जिना चढणाऱ्याची चप्पल नवी की झिजलेली, हेसुद्धा आत्याला ऐकून कळतं. फक्त पेटीतली सूर देणारी पितळी पट्टी कानाशी असली, की तिथं इस्त्रीवाल्याला जागा नसते.

पट्टी शेंड्याकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. जास्त चढला तर दुसरं टोक घासा. पण गेलेलं पितळ काही परत येत नाही. म्हणून आत्याचा हात आखडता. घरातही तेच. भाजी अळणी म्हणत भावानं मिठाची बरणी उचलली, की ही म्हणणार, "जरा निवू दे, मग चाख." भाचीनं मैत्रिणीला रागारागानं मेसेज लिहिला, तर, "पाठवू नकोस. आधी आंघोळ करून ये."

शनिवारी सकाळी गाण्याचे सर आपल्या वडिलांची पेटी घेऊन आले. संध्याकाळी कार्यक्रम, आणि मधली एक पट्टी बेसूर. घासून घासून पार कागद झालेली. तसली दुसरी आता मिळत नाही. आत्यानं शेंड्यावर कानस हलकेच चारदा फिरवली आणि वाजवून पाहिली.

"अजून उतरलेलीच आहे," भाची म्हणाली. (ही भाची कोण, ते विचारू नका, हे तिनंच लिहिलंय.)

सर कासावीस. "ताई, अजून एकदा घासा ना!"

"तुटली तर काय वाजवाल? बसा. चहा टाकते."

"चहानं सूर चढतो होय?" भाची फिस्कारली. "पैज लाव आत्या, उतरलेलीच राहणार."

"लावली. हरलीस तर महिनाभर सरांची नक्कल बंद."

सरांनी दचकून विचारलं, "माझी नक्कल?"

आत्या घाईघाईनं चहाकडे वळली. तिघांनी चहा घेतला, सरांनी तर बशीसुद्धा चाटूनपुसून. मग आत्यानं पट्टी बसवली आणि भाता हलवला. सूर शेजारच्या सुराला अस्सा जाऊन मिळाला, की भाचीचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"घासून तापली होती गं. तापलेली पट्टी खालीच बोलते."

सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी घोड्यासारखी मान उडवत नाकातून लांबलचक "वाऽऽहवा!" काढलं. एकदा नाही, तीनदा.

भाचीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. महिन्याचा हा पहिलाच दिवस होता.