भोईर सरांच्या फेऱ्या

आमच्या बदलापूरच्या शाळेत भोईर सर पीटी शिकवतात. उशिरा येणाऱ्याने मैदानाला फेऱ्या मारायच्या, हा त्यांचा नियम. त्यात कुणाची गय नाही. खरवईची तेजस्वी रोज उशिराच यायची, कारण नळाला पाणी सकाळीच यायचं आणि भरणारी ती एकटी. पाचवीपासून रोज धावून धावून पोरगी अशी तयार झाली, की नववीत जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली आली. सर मिशीत हसून म्हणायचे, "माझं कोचिंग म्हणजे नुसती शिट्टी."

यंदा नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी फर्मान काढलं, उशिरा येणारा शाळेच्या धावण्याच्या संघात नको, आणि फेऱ्यांची शिक्षाही बंद. सर भांडले. डोंबलाचा उपयोग! रिटायर व्हायला आलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

सोमवारी तेजस्वी उशिरा आली, दप्तर खाली ठेवून सवयीनं म्हणाली, "सर, आज किती?"

सर थकल्या आवाजात म्हणाले, "आता फेऱ्या नाहीत. संघातही नाहीस तू. जा बाय, वर्गात जा."

इतकी वर्षं शिक्षा भोगताना ही पोरगी कधी रडली नव्हती. शिक्षा बंद झाली, तेव्हा रडली.